धनुष्याच्या जागी गिटार

मी, एस्नात न्कांदू, कै. विल्सन चिपिली यांची विधवा, वय एकोणसत्तर, राहणार मिकोम्फ्वा वस्ती, लुआन्श्या, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मी दारू पीत नाही. मला सगळी माणसे ओळखू येतात, नकोशी झालेलीसुद्धा.

कोर्टातल्या कारकुनाने विचारले, "मन स्थिर आहे ना, आजी?"

मी म्हटले, "मन स्थिर आहे. हात थरथरतो."

"का?"

"भीती वाटते म्हणून."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "भीतीने मृत्युपत्र रद्द होत नाही. कोणाच्या धाकाखाली लिहिलं तर होतं."

मला कोणाचा धाक नाही. मला उद्याची भीती वाटते, आणि ती मी इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी म्हणायला नको की म्हातारीला काही कळत नव्हते.

उद्या शनिवारी, रोआनच्या जुन्या वेल्फेअर हॉलमध्ये, मी आणि एनोक लुपिया आमच्या बॅन्डची गाणी रेकॉर्ड करणार आहोत. एनोक आमचा ड्रमवाला. पाचांपैकी आम्ही दोघेच उरलो आहोत. गाणी पहिल्या रेकॉर्डसारखी होणार, म्हणजे सगळे एका खोलीत, एकाच दमात, ओरडून. इस्पितळातल्या डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो काढला आहे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी झाली आहे, असे तो म्हणाला. जड उचलायचे नाही, कुंथायचे नाही, ओरडायचे नाही.

"गायचं?" मी विचारले.

"चर्चमधलं चालेल. हळू."

"आणि हळू नसलेलं?"

तो तरुण आहे, चांगल्या घरचा आहे. त्याने फोटो परत पाकिटात घातला आणि म्हणाला, "आजी, मला ते विचारू नका."

म्हणून मी आजच लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. घर. मिकोम्फ्वातले माझे घर, त्यातली भांडी, पलंग, फ्रीज, मागची कोंबड्यांची खुराडी, हे सर्व माझी मुलगी म्वाबा हिला. ती सोल्वेझीला नोकरी करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे. बँकेत आहे तेही तिचेच. हे घर चिपिलीचे कधीच नव्हते. इथल्या तांब्याच्या खाणीच्या इस्पितळातल्या धुलाईखान्यात मी बावीस वर्षे चादरी धुतल्या, आणि घरे कामगारांना विकायला काढली तेव्हा ते माझ्या नावावर झाले. कागद माझ्या बायबलच्या पेटीत आहेत. चिपिलीच्या नातेवाईकांपैकी कोणीही ट्रक घेऊन दारात आले तर म्वाबाने दार उघडू नये.

ट्रकचे असे. १९८७ च्या मार्च महिन्यात चिपिली तीन दिवसांच्या तापात गेला. त्याला पुरून आलो त्याच दुपारी माझी मोठी नणंद आगाथा ट्रक घेऊन आली. शिवणयंत्र गेले. खुर्च्या गेल्या. माझ्या हातची सात भांडी गेली. त्यातले एक चुलीवर होते, ते आतल्या न्शिमासकट, म्हणजे मक्याच्या शिजत्या पिठासकट, नेले. स्पीकरची पेटी नेली, ती पुढे तिने कोंबड्यांना दिली. मी चादर पांघरून भिंतीशी बसले होते. विधवेने तेव्हा बोलायचे नसते. म्हणून जे बोलले नाही ते इथे लिहिते: वन्सं, शिवणयंत्र मी लग्नाआधी घेतले होते, माझ्या शिलाईच्या पैशांतून. मी ते तुम्हाला माफ केलेले नाही. भांडी माफ केली आहेत.

कलम दुसरे. कपडे. चर्चच्या महिला मंडळाचा गणवेश, दोन जोड, मंडळाला परत करावा, धुऊन. मंडळाने माझ्यावर उपकार केले आहेत. एकोणीसशे नव्वदपासून मी त्यांच्यात गाते आहे. पहिल्या वर्षी त्यांनी मला मागच्या रांगेत उभे केले आणि प्रमुख बाईंनी सांगितले, "एस्नात, तुझा आवाज छताचे पत्रे उडवेल. आम्हाला पत्रे परवडत नाहीत." तेव्हापासून मी अर्ध्या आवाजात गायले. माझ्या आवाजाला वाईट कोणी म्हणाले नाही. पण अर्ध्या आवाजात तीस वर्षे गायले की माणूसही अर्धा होतो, हे मला फार उशिरा कळले.

स्टेजवरचे उंच टाचांचे बूट, तपकिरी, पेटीच्या तळाशी आहेत. ते माझ्या पायात घालून मला पुरू नये. पाय सुजतात.

कलम तिसरे. पुस्तके. मी शाळेत दोन वर्षे गेले. वाचायला शिकले ते धुलाईखान्यात. गोऱ्या नर्सांच्या खोल्यांतून चादरींच्या गाठोड्यात चुकून वर्तमानपत्रे यायची. ती मी इस्त्री करून वाळवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक शब्द लावायचे. एक शब्दकोश, दोन बायबले, रोगांवरचे एक जाड पुस्तक आणि एकवीस कथा-कादंबऱ्या आहेत. सगळी मिकोम्फ्वाच्या शाळेला. रोगांचे पुस्तक मात्र द्यायचे नाही, ते जाळावे. डॉक्टरने सांगितल्यावर मी त्यात माझे पान शोधून वाचले. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

कलम चौथे. गाणी. आमच्या बॅन्डचे नाव कॅप लॅम्प्स, खाणीत डोक्याला बांधतात तो दिवा. चिपिली खाणीत वीजकामगार होता आणि बॅन्डमध्ये पहिली गिटार वाजवायचा. मी गायचे आणि दुसरी गिटार वाजवायचे. नऊ गाणी माझी आहेत, पाच चिपिलीची. सर्व चौदा गाण्यांचे हक्क एनोक लुपिया आणि म्वाबा यांना निम्मे निम्मे.

त्याच्या गिटारच्या आवाजाबद्दल लिहून ठेवते, कारण उद्या ते कोणी विचारेल आणि मी नसेन. तो आवाज चिपिलीच्या हाताने झाला. गिटारच्या तारांखाली जे तांब्याचे वेटोळे असते ते त्याने खाणीतल्या जळक्या मोटरीची तार काढून पुन्हा गुंडाळले. स्पीकरचा कागद त्याने दाढीच्या पात्याने तीन ठिकाणी कापला. मी ओरडले, नवा स्पीकर आहे तो! तो म्हणाला, "नवा आहे म्हणूनच खोटं बोलतोय." मग वाजवले. खडकाला भोक पाडताना खाली जो आवाज होतो, दातांत बसणारा, तसा तो आवाज. हॉलमध्ये खाणकामगार उभे होते. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

पहिली रेकॉर्ड १९७४ ची, दोन माइकवर. पुढे आम्ही शिकलो. कीबोर्ड आला, यंत्रातले ड्रम आले, प्रत्येकाला वेगळे रेकॉर्ड करू लागले. शेवटची कॅसेट इतकी स्वच्छ होती की ती लावून चहा पिता यायचा. गेल्या वर्षी आमचा बेसवाला वारला. त्याच्या अंत्यविधीला पोरांनी तीच कॅसेट लावली. एनोक माझ्या शेजारी बाकावर होता. तो वाकून म्हणाला, "एस्नात, हे कोण वाजवतंय?"

"आपणच."

"छे. मला आठवलं असतं."

तिथेच आमचे ठरले. एनोक एकाहत्तर वर्षांचा आहे, त्याचा डावा गुडघा वाकत नाही, आणि त्याने नव्या पोरांमधून एक बेसवाला धरून आणला आहे. कित्वेचा रेकॉर्डिंगवाला दोन माइक घेऊन येणार आहे. तो विचारत होता, आवाजातली खरखर नंतर काढून टाकू का. माझी स्पष्ट सूचना आहे की माझ्या मृत्यूनंतर, किंवा आधीही, कोणीही काहीही काढू नये आणि घालू नये. खोकला आला तर खोकला राहू द्यावा.

कलम पाचवे. उद्यासंबंधी. मी गाताना पडले तर एनोकने आधी रेकॉर्डिंगचे यंत्र बंद करायला लावावे, मग मला उचलावे. हे मी एनोकला तोंडी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "उलटं असतं ते, बाई. आधी माणूस उचलतात." मी म्हटले, माणूस पडून राहिला तर काही बिघडत नाही, पण माझे पडणे कोणाच्या यंत्रात राहता कामा नये. लोक गाणे सोडून तेच ऐकत बसतील.

तो हसला नाही. एनोक हसला नाही की मला जास्त भीती वाटते.

कलम सहावे. अंत्यविधी. साधा. बायकांना जे गायचे ते गाऊ द्यावे. माझे नाव पुढे कोणी घ्यायचे हे आमच्या आईकडच्या बायकांनी ठरवावे, पण म्वाबाच्या मुलीवर जबरदस्ती करू नये. जिला नाव देतील तिला चटईवर बसवून रीतीप्रमाणे कुदळ द्यावी. कुदळच. दुसरे काही नाही. या चुकीने आमची बत्तीस वर्षे गेली आहेत, ती खाली लिहिते.

कलम सातवे. गिटार. हे कलम मी आज दुपारपर्यंत कोरे ठेवले होते.

आमच्यात मेलेल्या माणसाचे नाव मोकळे सोडत नाहीत. बहिणीच्या मुलाला नव्या चटईवर बसवून मामाचे धनुष्य त्याच्या हातात देतात. त्या क्षणापासून तो मामा होतो. म्हातारी माणसेही त्याला त्या नावाने हाक मारतात आणि विधवेला पांढरा मणी बांधून मोकळे करतात. चिपिलीचे नाव आगाथा वन्संच्या मुलाला, डेव्हिस कासुबाला मिळाले. तेव्हा तो बावीसचा होता. पण चटई अंथरली आणि लक्षात आले की धनुष्य नाही. चिपिली खाणीच्या वस्तीत जन्मलेला. त्याने आयुष्यात उंदीरसुद्धा मारला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा वन्संनी ट्रकमधून गिटार काढून आणली आणि म्हणाल्या, "याचं हत्यार हेच होतं." आणि ती कासुबाच्या हातात दिली.

झाले. गिटार ही गिटार राहिली नाही, ती चिपिली झाली. कासुबाने ती चादरीत गुंडाळून भिंतीला टांगली. घरातल्या मुलांना सांगितले की आजोबांना हात लावायचा नाही. एकदा त्याच्या बायकोने धूळ पुसली आणि तिला आठ दिवस ताप आला, तेव्हापासून धूळही तशीच. कासुबाला वाजवता येत नाही. बत्तीस वर्षांत तिची एक तारही वाजली नाही.

मी दुसऱ्या तीन गिटारींवर करून पाहिले. तो आवाज येत नाही. तो त्या जळक्या तारेत आहे.

मी बाजारात एक म्हातारा शोधला, तो अजून शिकारीची धनुष्ये करतो. त्याच्याकडून एक धनुष्य आणि तीन बाण करून घेतले, आणि मंगळवारी एनोकला बरोबर घेऊन रोआनला कासुबाच्या घरी गेले. मिनीबसमध्ये लोक विचारत होते, आजी, कोणाला मारायला निघालात?

वन्सं अंगणात स्टुलावर होत्या. त्या आता शहाऐंशीच्या आहेत, दिसत नाही, ऐकू सगळे येते.

"काय आणलंयस?"

"धनुष्य. नाव धनुष्यात घ्या, वन्सं, आणि गिटार मला द्या."

"बत्तीस वर्षांनी? तेव्हा कुठे होतीस?"

"तेव्हा माझ्या डोक्यावर तुम्ही चादर टाकली होती."

त्यांनी धनुष्यासाठी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "तुला मणी बांधून मोकळं केलंय. मोकळ्या झालेल्या बाईनं त्याच्या वस्तूला हात लावला की तो समजतो, ही परत आली. मग तो न्यायला येतो. तुझी तर छातीही धड नाही म्हणतात."

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. उद्या मी पडले तर डॉक्टर म्हणेल रक्तवाहिनी आणि वन्सं म्हणतील चिपिली. माझ्या प्रेताशेजारी त्यांना भांडू देऊ नये, ही माझी आणखी एक सूचना. दोघांची भीती मी एकाच छातीत घेऊन गाणार आहे.

कासुबा दारात उभा होता. चोपन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा त्या चटईवरच्या पोराचा झाला होता. "मामी, तुम्ही वाजवाल आणि ताप मला येईल. त्याला राग आला तर तो कोणावर काढेल? चिपिली मी आहे."

एनोक गुडघा चोळत म्हणाला, "तू चिपिली आहेस ना? मग सांग, दुसऱ्या गाण्यात मी कुठे चुकायचो?"

कासुबाने त्याच्याकडे पाहिले. "सगळीकडे."

वन्संसुद्धा हसल्या. पण गिटार मिळाली नाही. कासुबा म्हणाला, शुक्रवारपर्यंत वेळ द्या. धनुष्य ठेवून आम्ही परत आलो. बुधवार आणि गुरुवार मी स्वतःशी म्हणत होते, त्याने नाही म्हटले तर बरे होईल. त्याने नाही म्हटले तर मला गावे लागणार नाही, आणि दोष त्याचा. हे लिहिताना लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहिले तर ते कशाला लिहायचे.

आज शुक्रवारी, दुपारी बारानंतर, कासुबा सायकलवरून आला. पाठीला चादरीतली गिटार आणि खांद्याला धनुष्य. काल सगळ्यांना जमवून वन्संनी त्याला पुन्हा चटईवर बसवले आणि धनुष्य हातात दिले. दिसत नसल्यामुळे त्यांनी आधी गिटार चाचपून काढून घेतली आणि तिला म्हणाल्या, "ऊठ आता." इतके कासुबाने सांगितले.

त्याने गिटार माझ्या टेबलावर ठेवली, पण चादरीवरचा हात काढेना. कोर्टातला कारकून तिथेच होता, माझी शेजारीण एनेलेस फिरी साक्षीला बसली होती, आणि दुसरा साक्षीदार अजून आला नव्हता. कारकुनाने वाचून दाखवले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही.

कासुबाने विचारले, "काहीही म्हणजे गिटारसुद्धा?"

"गिटारसुद्धा."

"उद्या या गेल्या आणि मी घाबरून गिटार परत मागायला आलो तर?"

"कागदावर तुझी सही असेल तर मिळणार नाही."

कासुबाने बाहीने कपाळ पुसले. सायकल चालवून त्याला घाम आला होता. मी त्याला म्हटले, "अरे, घरी जा. दुसरा साक्षीदार मिळेल. तुझ्या मुलाबाळांचा विचार कर."

तो म्हणाला, "मी घाबरलो तर मागायला येईनच, मामी. मी स्वतःला ओळखतो. म्हणून आत्ताच करतो." आणि त्याने चादरीवरचा हात काढून पेन मागितले.

मग त्याने माझ्याकडे पाहिले. या माणसाने मला बत्तीस वर्षे अहोजाहो केले आहे, माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही. तो त्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अगं, उद्या मोठ्यानं वाजव. मला खाली ऐकू आलं पाहिजे."

एनेलेसने खांद्यावरचे कापड तोंडावर घेतले. छातीत काहीतरी हलले, आणि मी हात ठेवून थांबले, तेच आहे की काय म्हणून. ते नव्हते.

तरी मी लिहून ठेवते की मला अजून भीती वाटते. गिटार समोर आहे, तारा गंजल्या असतील, एनोक उद्या नव्या बसवेल. मी चादर सोडलेली नाही. उद्या हॉलमध्येच सोडेन.

ती गिटार माझ्यामागे एनोक लुपिया याला द्यावी. तो वाजवत नाही, पण कोणाला वाजवता येते हे त्याला कळते. ज्याला वाजवता येते त्याच्या हातात त्याने ती द्यावी, आणि त्यानेही पुढे तशीच द्यावी. भिंतीला टांगणाऱ्याला, चादरीत गुंडाळणाऱ्याला, काचेच्या पेटीत ठेवणाऱ्याला ती कधीही मिळू नये. तारा दरवर्षी बदलाव्यात. जळक्या तारेच्या वेटोळ्याला कोणी हात लावू नये.

वरील सर्व मी वाचले आहे, दोनदा, बोट न फिरवता. जे लिहिले ते माझे आहे, आणि जे माझे नाही ते मी कोणाला दिलेले नाही.

स्थळ: मिकोम्फ्वा, लुआन्श्या
शुक्रवार, १४ जून २०१९, दुपारी तीन वाजता

लिहून देणार: एस्नात न्कांदू (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, आणि आम्ही तिच्या व एकमेकांच्या समोर सही केली:

१. एनेलेस फिरी, शेजारीण, निवृत्त धुलाई कामगार (सही)

२. डेव्हिस कासुबा, रोआन (सही)
त्याखाली, त्याच हाताने: चिपिली. माझी हरकत नाही.